थंडीतला दुष्काळ दावणीला दिसतो



परवा गावात शेतकरी मेळावा झाला. कृषी पदवी घेतलेलं एक तरुण पोरगं बोलायला आलं होतं. हुशार होतं, बोलणंही नम्र. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी उठलो आणि म्हणलं, "साहेब, थंडीतल्या दुष्काळावर कुणीच काही सांगत नाही." ते हसून म्हणालं, "काका, थंडीत कसला दुष्काळ? दुष्काळ उन्हाळ्यात."

मला त्याचा राग आला नाही. वरवर बघितलं तर तसंच दिसतं. थंडीत विहिरीच्या तळाला पाणी असतं, टँकर सुरू झालेला नसतो, रानात हिरवं काहीतरी उभं असतं. पेपरात फोटो येतो तो मे महिन्यात, भेगा पडलेल्या तळ्याचा आणि घागरी घेतलेल्या बायांचा. पण मे महिन्यात जे दिसतं ते आमच्याकडं जानेवारीतच ठरून गेलेलं असतं. मेळाव्यात दोन मिनिटांत हे सांगता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. लांबलं तर माफी असावी.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मी मंगळवेढा भागातला. काळी, खोल रानं. आमचं मुख्य पीक रब्बीची ज्वारी, मालदांडी. मालदांडी 35-1 हे वाण आमच्याच जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर निवडलेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. या ज्वारीची गंमत अशी की पेरल्यावर तिला पाऊस मिळाला नाही तरी ती येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात जमिनीत जेवढी ओल मुरली त्या ओलीवर, थंडीवर आणि दहिवरावर ती चार महिने काढते. पण ती ओल भरायची कुणी? उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती या नक्षत्रांनी. म्हणजे साधारण 13 सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. कोकणात किंवा विदर्भात जून-जुलैला जेवढी किंमत, तेवढी आमच्याकडं या दोन महिन्यांना. ही नक्षत्रं कोरडी गेली की दसरा-दिवाळीलाच दुष्काळ पडलेला असतो. फक्त तो दिसत नाही.

2018 ला असंच झालं. माझी चार एकर ज्वारी. उत्तरात एक बरा पाऊस झाला, त्यावर मी पेरून घेतली. उगवण झकास झाली. मग हस्त गेला, चित्रा गेली, स्वातीची वाट बघितली, तीही गेली. 31 ऑक्टोबरला सरकारनं राज्यातले 151 तालुके दुष्काळी जाहीर केले. जाहीर वेळेत झालं, ते मी नाकारत नाही. पण पुढचं ऐका.

ओल कमी असलेली ज्वारी कशी जाते ते ज्यांनी बघितलं नाही त्यांनी समजून घ्या. ती एका दिवसात वाळत नाही. पहिला महिना काही कळतच नाही. दीड महिन्यानं दुपारी पानं सुरळी करायला लागतात, सकाळी परत उलगडतात. माणसाला वाटतं, निघेल. मग रानाला भेगा पडतात. आधी बोट जाईल एवढी, मग हात जाईल एवढी. भेगेतून राहिलेली ओल उडते आणि मुळ्याही तुटतात. येळामावसेला आम्ही सगळे घरचे रानात जेवायला जातो. एरवी त्या दिवशी पोरं ज्वारीत लपतात, दिसत नाहीत. त्या वर्षी ज्वारी पोरांच्या कमरेला होती. मंडळींनी नेहमीप्रमाणं आंबील शिंपडली, भज्जी वाढली, पण जेवताना कुणी रानाकडं बघत नव्हतं.

पोटरीत आली तेव्हा निम्मी कणसं बाहेर पडलीच नाहीत. जी पडली ती शेवटी खडखड्यानं गेली. हा रोग ओल तुटलेल्या पिकालाच गाठतो. बुडखा आतून पोकळ होतो, ताट हलवलं की खडखड वाजतं आणि वाऱ्यानं आडवं होतं. कणीस बघावं तर पोचट. चार एकरात एरवी माझे 25-30 क्विंटल होतात, त्या वर्षी साडेतीन झाले.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. दाणे गेले याचं दुःख आहे, पण दाणे विकत मिळतात. रेशनला गहू-तांदूळ मिळतो. माणूस पोट भरतो. कडबा गेला की त्याला पर्याय नसतो. आमची ज्वारी हे दोन पिकांचं एक पीक आहे, वर धान्य आणि खाली वैरण. मापाला, पीकविम्याला, पंचनाम्याला फक्त वरचं पीक दिसतं. खालच्या पिकाची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. पीक कापणी प्रयोगात दाण्याचं वजन लिहितात, ताटाचं कुणी लिहीत नाही.

माझा हिशेब सांगतो. तुम्हीही आपला लावून बघा.

माझ्या दावणीला तेव्हा चार मोठी जनावरं होती. दोन खिलार बैल, हौश्या आणि पाखऱ्या, आणि दोन गायी. हिरवं काही नसेल तर एका जनावराला दिवसाला चार पेंढ्या लागतात. माझी पेंढी साधारण दोन किलोची. म्हणजे चार जनावरांना दिवसाला 16 पेंढ्या. बऱ्या वर्षी मला एकरी 900 पेंढ्या होतात, चार एकराच्या 3,600. फेब्रुवारीपासून ऑगस्टात हिरवं मिळेपर्यंत पुरून थोडा विकायलाही राहतो. त्या वर्षी संक्रांतीच्या आधी मी उभ्या पिकात फिरून अंदाज काढला. एकरी 220 पेंढ्या. चार एकराच्या 880. भागिले 16, म्हणजे 55 दिवस.

5 फेब्रुवारीला नवी पेंढी टाकायला सुरुवात केली असती तर शेवटची पेंढी 31 मार्चला संपली असती. पुढं एप्रिल, मे, जून, जुलै. चार महिने जनावराच्या पुढं टाकायला काडी नाही.

त्या रात्री घरी बसून बोललो. थोरला पोरगा म्हणाला, "आण्णा, गायी दूध देत्यात, त्यांच्यावर घर चालतंय. बैल काढावं लागतील." बायको काही बोलली नाही. ती उठून गोठ्यात गेली.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी बैल सांगोल्याच्या बाजारात नेले. तिथं गेल्यावर कळलं की आपण एकटे नाही. आमच्यासारखे शेकड्यानं आलेले. विकणारा प्रत्येक माणूस तोच हिशेब करून आला होता, त्यामुळं घेणाऱ्याला घाई नव्हती. आदल्या वर्षी याच जोडीला एकजण घरी येऊन 95 हजार देत होता, मी दिली नव्हती. त्या दिवशी 52 हजाराला दिली. कासरा हातात घेऊन परत आलो.

बैल गेल्यावर तोच 880 पेंढ्यांचा कडबा दोन गायींना 110 दिवस पुरला, 25 मेपर्यंत.

आणि आमच्या भागात चारा छावणी कधी उभी राहिली? 11 एप्रिलला. बीड, नगर, उस्मानाबाद, सोलापूर अशा जिल्ह्यांत त्या वर्षी छावण्या झाल्या, त्यांनी लाखो जनावरं जगवली, हे खरं आहे. छावणीला मी नावं ठेवत नाही. पण हिशेब बघा. माझा कडबा चार जनावरांना 31 मार्चपर्यंत पुरत होता आणि छावणी 11 एप्रिलला आली. मधे पडतात दहा दिवस. दहा दिवसांच्या 160 पेंढ्या. त्या वेळचा भाव शेकडा अडीच हजार धरला तरी चार हजार रुपये. मला जानेवारीत कुणी खात्रीनं सांगितलं असतं की बाबा, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तुझ्या गावाजवळ छावणी पडणार आहे, तर चार हजार मी उसने काढले असते आणि बैल ठेवले असते. चार हजारासाठी मी 40 हजाराचा तोटा खाल्ला. कारण मला पुढचं काही माहीत नव्हतं आणि अंधारात शेतकरी बैलाच्या पोटाशी जुगार खेळत नाही.

हे फक्त माझं नाही. त्या बाजारातल्या प्रत्येकाचं हेच गणित होतं.

आता कुणी म्हणेल, बैल गेले तर गेले, ट्रॅक्टर आहे की. ट्रॅक्टर नांगरणीला आहे, पेरणीलाही आहे. पण गुडघ्याच्या वर गेलेल्या ज्वारीत कोळपणीला ट्रॅक्टर चालत नाही. 18 इंचावर पेरलेल्या ज्वारीत तीन कोळपण्या लागतात, ही विद्यापीठाचीच शिफारस आहे. तीन आठवड्यांनी फटकऱ्याची, पाच आठवड्यांनी अखंड पासेची आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याची. तिसरी कोळपणी खास भेगा बुजवायला. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं जुनी माणसं म्हणतात ते उगाच नाही. पुढच्या वर्षी माझ्याकडं बैल नव्हते. गावात ज्यांच्याकडं राहिले होते त्यांच्या पाया पडून दोन कोळपण्या उरकल्या, तिसरी झालीच नाही. म्हणजे एका वर्षीच्या कोरड्या थंडीनं माझ्या हातातलं पुढच्या वर्षीचं हत्यार काढून घेतलं. शेणखत कमी झालं ते वेगळंच. खत कमी म्हणजे जमिनीची ओल धरायची ताकद कमी. एक दुष्काळ दुसऱ्याची वाट अशी सोपी करून ठेवतो.

अजून एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडं ज्वारी उपटून काढतात, त्याला माणसं लागतात, आणि काढणीची मजुरी बरीच घरं अजून ज्वारीतच घेतात. माझ्याकडं दरवर्षी एक मावशी आणि तिच्या दोन सुना येतात. सुगीत त्या वर्षभराच्या भाकरीची ज्वारी मिळवतात. त्या वर्षी मावशी फेब्रुवारीच्या सुरुवातीला बांधावर येऊन उभी राहिली. म्हणाली, "दादा, कधी यायचं काढणीला?" मी म्हणलं, "मावशी, या वेळेला घरच्या घरीच उरकतंय." ती रानाकडं बघत थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "आमचं बी उरकलं म्हणायचं." तिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. तिच्या नुकसानीचा पंचनामा कोण करणार? त्या वर्षी तिच्या सुना कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेल्या, पोरांना म्हातारीजवळ ठेवून.

माझे वडील 1972 ची गोष्ट सांगायचे. मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली, खडी फोडली, पाझर तलावाच्या कामावर गेले. ते म्हणायचे, माणसाला काम मिळालं की तो जगतो, जनावराला कामावर पाठवता येत नाही. त्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, 1977 ला तिचा कायदा झाला. माणसाच्या हाताला काम मागण्याचा हक्क मिळाला. जनावराच्या वैरणीचा असा हक्क अजून नाही. ती कधी मिळेल, कुठं मिळेल हे दर वेळी नव्यानं ठरतं.

आता तारखांचं बघा. केंद्राची 2016 ची दुष्काळ व्यवस्थापन संहिता आहे. तिच्यात खरिपाचा दुष्काळ जाहीर करायची शेवटची तारीख 30 ऑक्टोबर आणि रब्बीची 31 मार्च. म्हणजे ज्या वर्षी खरीप कसाबसा निघाला आणि फक्त परतीचा पाऊस गेला, त्या वर्षी आमचा दुष्काळ कागदावर यायला मार्चअखेर उजाडू शकते. तेव्हा आमच्या रानात ज्वारीचं ताटसुद्धा नसतं. जनावरांचे बाजार डिसेंबर-जानेवारीत भरून, ओस पडून झालेले असतात. माझ्या 55 दिवसांच्या कडब्याची शेवटची पेंढीही त्याच तारखेला संपत होती.

माझं म्हणणं साधं आहे. रब्बीच्या पट्ट्यात दुष्काळ ठरवायचा असेल तर संक्रांतीच्या आत ठरवा, आणि तो कडब्यावर मोजा. तलाठी, कृषी सहायक आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचा माणूस या तिघांनी मिळून गावात दोन आकडे काढायचे. जनावरं किती आणि उभ्या पिकात वैरण किती दिवसांची. याला उपग्रह लागत नाही. मी एकट्यानं एका दुपारी माझ्या रानाचा काढला. ज्या गावाचा आकडा मार्च-एप्रिलला संपतो, त्या गावाला जानेवारीतच लेखी सांगा की वैरण अमुक तारखेपासून मिळेल. पैसे लगेच नका देऊ, छावणी लगेच नका उभारू. फक्त तारीख सांगा आणि ती पाळा. तेवढ्यावर निम्मे बैल बाजारात जायचे थांबतील. आमच्या मंगळवेढ्याचं नाव दामाजीपंतांनी मोठं केलं. दुष्काळात लोकांसाठी कोठार उघडलं म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. त्यांनी अंतिम अहवालाची वाट बघितली असती तर नाव घ्यायला आपण राहिलो नसतो.

सरकारला बोललो, आता आपलं आपल्याला. चूक आपलीही आहे. बोअर पाडून थोडं पाणी लागलं की आपण ऊस लावतो आणि ज्वारी हलक्या माळाला ढकलतो. कडबा बऱ्या वर्षी भाव आला म्हणून सगळा विकतो, एक गंजसुद्धा मागं ठेवत नाही. मी स्वतः 2017 ला सहाशे पेंढ्या विकल्या होत्या. त्या गंजीला असत्या तर माझे बैल गेले नसते. हे मी दुसऱ्या कुणावर ढकलू शकत नाही.

तेव्हापासून मी जे करतोय ते सांगतो. पटलं तर घ्या.

1. जुलै-ऑगस्टात मोकळ्या रानात वाफे पाडतो. माझे बारा फूट बाय बारा फुटाचे असतात. जो पाऊस पडेल तो जिथल्या तिथं मुरतो. पेरणीआधी मोडायचे.

2. जमिनीच्या खोलीप्रमाणं वाण. भारी रानात मालदांडी किंवा फुले वसुधा, मध्यम रानात फुले सुचित्रा, हलक्या रानात फुले अनुराधा. हलक्या रानात मालदांडीचा हट्ट करायचा नाही, ती शेवटपर्यंत पोचत नाही.

3. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच. पावसाची वाट बघत उशीर केला की पोंगेमर होते आणि शेवटी ओलही पुरत नाही.

4. पीक 50 दिवसांचं झालं की एक फूट खणून माती मुठीत दाबायची. लाडू झाला तर पीक ठेवायचं. माती भुगा झाली आणि पोटरीला द्यायला एक पाणीही नसेल, तर त्या तुकड्यातून दाण्याची आशा सोडायची आणि वैरण म्हणून वेळेत काढायची. वाळून मोडल्यावर वैरणही हाताला लागत नाही.

5. हे फार महत्त्वाचं. पाण्याचा ताण बसलेली, फुलोऱ्यात न आलेली हिरवी ज्वारी जनावराला तशीच टाकू नका. किरळ लागते, तासाभरात जनावर आडवं होतं. कापून चांगली वाळवा, मगच घाला. चुकून खाल्लं आणि जनावर तोंडातून फेस, थरथर, धाप असं करायला लागलं तर ताबडतोब डॉक्टर बोलवा, घरगुती उपायात वेळ घालवू नका.

6. कडबा कुट्टी करूनच घाला. उभी पेंढी टाकली की बुडखे दावणीत तसेच राहतात.

7. बऱ्या वर्षी निदान दोन महिन्यांची वैरण गंजीला राखायची. घरात दाणे ठेवतो तसं.

8. संक्रांतीच्या आधी रानात फिरून कडब्याचे दिवस मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा.

मेळाव्यातलं ते पोरगं जाताना माझा नंबर घेऊन गेलं. त्याला मी म्हणलं, पुढच्या येळामावसेला जेवायला ये, रान दाखवतो. येतो म्हणाला. बघू.

माझ्याकडं आता परत एक जोडी आहे, 2021 ला घेतलेली. हौश्या-पाखऱ्या कुठं गेले ते मी कधी शोधलं नाही.

ज्यांची ज्वारी उभी आहे त्यांनी या आठवड्यात मोजून खाली लिहा: गाव, जनावरं किती, कडबा किती दिवस. सगळ्यांचे आकडे एका कागदावर मांडू आणि तो कागद घेऊन तहसीलला जाऊ. कृषीवाल्या मंडळींनो, माझ्या हिशेबात काही चुकत असेल तर सांगा, दुरुस्त करतो.

राम राम.